एस्तेरची कबुली

हळद शिजायला लागली की आमच्या गावाची हवा दाट होते. कडेगाव सोडून गाडी आतल्या रस्त्याला वळली की पहिल्यांदा वास येतो, मग वाफ दिसते आणि मग खळ्यावर पसरलेले पिवळे ढीग. आता बऱ्याच जणांनी वाफेचे ड्रम आणलेत, हळद उकळायच्या जुन्या काहिली थोड्याच उरल्यात. वास मात्र तोच आहे. ओल्या मातीचा, कडवट, घशात मागे जाऊन बसणारा. यंदाही मी गाडीची काच खाली केली. शेजारी बसलेली माझी भाची कृपा म्हणाली, "मामा, धूळ येतेय." मी काच वर केली नाही.

आमच्या ख्रिस्ती घरांत हळदीचा हंगाम आणि उपवासकाळ जवळजवळ एकदमच येतात. पुनरुत्थानाच्या सणाआधीचे, म्हणजे ईस्टरआधीचे, ते चाळीस दिवस. आई चहातली साखर सोडायची. आमचे वडील, अण्णा, तंबाखू सोडायचे आणि घरातल्या सगळ्यांवर चिडायचे. ट्रॅक्टर चालवणारे मोजेसकाका दरवर्षी पहिल्या रविवारी देवळात उभे राहून जाहीर करायचे, "यंदा म्या भांडण सोडलंय बरं का." गुरुवारपर्यंत बांधावरून त्यांचा आवाज यायचा. कुणी टोकलं तर म्हणायचे, "आवं, चार दिस तर पाळलं का न्हाई? प्रभूला तेवढं चालतंय."

मी काय सोडायचो ते आठवत नाही. मी शिकवायचो, हे आठवतं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. सांगलीला हायस्कूलवर नोकरी लागली होती आणि दर शनिवारी गावी येऊन मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तरुण संघाचा वर्ग घ्यायचो. उपवासकाळात माझा ठरलेला विषय असे, देह आणि पावित्र्य. मी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढायचो, त्यावर शाईचा एक थेंब टाकायचो आणि सगळ्यांना दाखवायचो. "आता हा कितीही धुवा," मी म्हणायचो. पुढं काही बोलायची गरज नसे. मुली माना खाली घालायच्या, मुलं खिडकीतून बाहेर बघायची. दौत धरायला माझी धाकटी बहीण एस्तेर उभी असायची. ती तेव्हा वीस वर्षांची.

पुढच्या शनिवारी मी गर्भातल्या जिवाविषयी बोलायचो. आईच्या पोटात जीव धरला की तो देवाचा, त्यावर आपला हात चालवायचा नाही, असं. हे बोलताना माझा आवाज भरून यायचा. जिल्ह्याच्या तरुण मेळाव्यातही मला बोलावलं होतं. लोक डोळे पुसायचे. मला ते आवडायचं, हेही इथं लिहून टाकतो.

आणखी एक लिहितो. रुमाल दाखवणाऱ्या माणसाचा स्वतःचा रुमाल स्वच्छ नव्हता. कॉलेजच्या दिवसांत मी जे केलं, जिथं गेलो, ते मी कुणाला सांगितलं नाही आणि सांगावं लागलंही नाही. पुरुषाचं शरीर कसलीच साक्ष देत नाही. आंघोळ केली, भांग पाडला, शर्ट खोचला, की मंडळीत पहिल्या बाकावर बसता येतं. बाईच्या शरीराला ही सोय नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली.

त्या वर्षी एस्तेरनं मला खळ्यावर गाठलं. ती हळदीवरचं गोणपाट सरळ करत होती, हात कोपरापर्यंत पिवळे. म्हणाली, "दादा, मला दिवस गेलेत." मग गोणपाटाचं दुसरं टोक ओढत म्हणाली, "दोन महिनं झालं." तो मुलगा कोण, हे इथं लिहिण्यात अर्थ नाही. त्यानं ओळख नाकारली आणि पुण्याला निघून गेला. त्याला कधी कुणी कुठं उभं केलं नाही.

मला आधी काय सुचलं? प्रार्थना नाही. तिला जवळ घेणंही नाही. अण्णा मंडळीच्या पाच पंचांपैकी एक होते, मी तरुण संघाचा पुढारी होतो. मला आमचा बाक दिसला, त्यावर पाठीमागून खिळलेल्या नजरा दिसल्या. मी म्हणालो, "कुणाला बोलू नकोस. मी बघतो."

मिरजेच्या बाजूला जायचं नाही हे मी लगेच ठरवलं. तिकडच्या दवाखान्यांतल्या कितीतरी नर्सबाईंचं माहेर आमच्यातलंच असतं, बातमी आमच्या एसटीच्या आधी गावात पोचली असती. सांगलीत एक छोटा दवाखाना शोधला. एस्तेरला सांगितलं, नुसतं दाखवून येऊ. ती याविषयी दुसऱ्या कुणाशी बोललेली नव्हती, मुकाट्यानं आली. कागदावर मी तिचं नाव सुनीता जाधव लिहिलं. सोबत आलेल्याचं नातं विचारलं होतं. मी लिहिलं, पती.

हा शब्द तेव्हा मी पटकन लिहिला. आज लिहिताना दोनदा खोडला.

आम्ही बाकावर बसलो. भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रं होती, तिथंही. आतून नर्स आली आणि तिनं हाक मारली, "सुनीता जाधव!" एस्तेर जागची हलली नाही. नर्सनं कागद बघितला, मग मला बघितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. "सर, तुम्ही मेळाव्यात बोलला होतात ना? रुमालवाले सर?"

इतकी काळजी घेऊन मी जो दवाखाना निवडला होता, तिथंही आमच्यातलीच एक मुलगी निघाली. मी म्हणालो, "तुमची काहीतरी गफलत होतेय."

एस्तेरनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. शाळेतल्या मुलानं फळ्यावरचं चुकलेलं गणित बघावं तसं. मग ती उठली. "बाई," ती नर्सला म्हणाली, "माझं नाव एस्तेर. सुनीता इथं कुणी आलेली न्हाई." आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली.

मी मागं धावलो. ती समोरच्या रसवंतीत जाऊन बसली होती. चरकाचा आवाज, आल्याचा वास, बर्फ फोडणारा माणूस.

"एस्तेर, अण्णांचं तोंड बघवेल का तुला?" मी दबक्या आवाजात म्हणालो.

"तू आधी मला सांग. शनिवारी बोलतोस ते खरं, का आज करतोयस ते खरं?"

"ते शिकवायचं असतं, एस्तेर."

"म्या खरं मानलं की रं दादा," ती म्हणाली. "आता म्या काय करू?"

ग्लास रिकामा करून तिनं तोंड पुसलं. "आणखी एक ग्लास सांग. एकटीला पुरत न्हाई आता."

घरी तिनंच सांगितलं. दवाखान्याबद्दल ती बोलली नाही आणि मीही बोललो नाही. अण्णांनी जेवणाचं ताट सरकवलं आणि पुढं दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. पंचांनी तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. आमच्यात हा नियम जुना आहे, मंडळीपुढं उभं राहून कबुली दिल्याशिवाय भाकर आणि द्राक्षरस मिळत नाही. उपवासकाळात दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. त्यानंतरच्या बुधवारी पाळी आमच्या घरी होती. आईनं सतरंज्या अंथरल्या, पन्नास कपांचा चहा टाकला. पाळकसाहेब आले आणि मोजेसकाका आले. तिसरं कुणी आलं नाही. मोजेसकाकांनी गीत घेतलं ते इतकं बेसूर की आईला रडता रडता हसू आलं. जाताना ते एस्तेरला म्हणाले, "पोरी, चा लय उरलाय. आन हिकडं, म्या पाच कप पितो."

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी ती देवळात उभी राहिली. सगळ्यांच्या हातात हिरव्या झावळ्या, तिच्या नखांत हळद. पाळकसाहेबांनी तिला वाचायला कागद दिला होता. तिनं तो वाचला नाही.

"चूक माझी झाली. ती म्या कबूल करते," ती म्हणाली. "पर लेकरू चूक न्हाई. त्येची कबुली म्या देणार न्हाई."

आणि खाली बसली. कुणीतरी खोकलं. पंचांना हे पुरेसं आहे की नाही ते कळेना, कारण असं कुणी कधी केलंच नव्हतं. शेवटी त्यांनी ते मान्य केलं. मी पहिल्या बाकावर होतो. माझ्याही वाटणीची एक कबुली त्या दिवशी द्यायची होती. मी झावळीची टोकं मोडत बसलो.

उपवासकाळात आपल्या पापांची यादी करायची असते. गर्व हे त्यातलं मोठं पाप. पण त्या सकाळचा मला जो अभिमान वाटतो तो पापात मोडत असेल तर मोडू दे. मी आयुष्यभर पुष्कळ प्रवचनं ऐकली, काही दिली. माणसाचं शरीर आणि माणसाचा जीव यांविषयी त्या दोन-तीन वाक्यांहून खरं मी काही ऐकलेलं नाही. आपली चूक एका हातावर, लेकरू दुसऱ्या हातावर, आणि दोन्हींची गल्लत होऊ द्यायची नाही. आम्ही पुढारी लोक बरोबर तिथंच घसरतो. चुकीचा तिटकारा करता करता माणसाच्या अंगाचाच तिटकारा करायला लागतो.

एस्तेर पुढं अंगणवाडीत लागली. तिनं लग्न केलं नाही. "सवड कुठं मिळाली?" म्हणते. गावातल्या मुलींना पाळी येते तेव्हा आया तिच्याकडं पाठवतात. ज्या आयांनी त्या बुधवारी आमच्याकडं यायचं टाळलं, त्यांच्याही मुली येतात. ती त्यांना जमिनीवर बसवते आणि अवयवांची नावं सरळ घेते, भाज्यांची घ्यावीत तशी. मुलं अंगाला हात लावतात तेव्हा काय होतं, आपल्याला काय वाटतं, नाही कसं म्हणायचं, हो म्हणण्याआधी काय बघायचं, लग्नापर्यंत थांबण्यात काय शहाणपण आहे, आणि नाही थांबता आलं तर तोंड लपवून मरायचं नाही, घरी यायचं. एकदा मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. एका मुलीनं विचारलं, "आत्या, शरीर वाईट असतंय व्हय?" एस्तेर म्हणाली, "वाईट असतं तर देवानं घेतलं असतं का गं? नऊ महिनं पोटात राहिला त्यो. आन प्रभूची आई तरी कोण? लग्नाआधी दिवस गेलेली पोरगी. गावानं तिला काय काय म्हटलं असंल, इचार कर." मुली हसल्या. मी दारातून मागं सरलो. माझा रुमाल आणि शाई घेऊन मी त्याच देवाविषयी बोलत होतो, पण त्याला अंग होतं हे विसरून.

आमचा विश्वास सगळा अंगाचाच आहे. भाकर खायची, बाप्तिस्म्याला पाण्यात बुडायचं, पाय धुवायचे. प्रभू उठला तोसुद्धा नुसता आत्मा म्हणून नाही. हातांवरचे वण घेऊन उठला, आणि किनाऱ्यावर मासे भाजले. इतक्या वर्षांत हे मला कुणी शिकवायचं राहिलं असेल, तर ते माझ्या बहिणीनं शिकवलं.

कृपा आता तेवीस वर्षांची आहे. फिजिओथेरपी शिकली, सांगलीच्या विश्रामबागेत एका दवाखान्यात काम करते आणि तिथं आमच्याच घरी राहते. अर्धांगवायू झालेल्या माणसांची बोटं ती एकेक करून उघडते. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तीन महिन्यांनी शर्टाचं बटण लावता आलं तेव्हा ती घरी येऊन नाचली होती. माणसाच्या अंगाला ती ज्या आदरानं हात लावते तो बघताना माझी छाती भरून येते, आणि लगेच तो दवाखाना आठवतो. हा हात नसता.

यंदा गावच्या मंडळीनं उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तिला बोलायला सांगितलं. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. कृपाला तिसरा उद्गार आला, ज्यात प्रभू आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवतो आणि तो तिला आपल्या घरी घेऊन जातो. तिनं सगळं लिहून काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "मामा, शुद्धलेखन बघा."

मी वाचत गेलो. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की मी पोटात असताना माझी आई घाबरून दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेली होती. माझा मामा तिथं होता. त्या शिष्यासारखं त्यानं माझ्या आईला घरी आणलं, म्हणून मी आज तुमच्यासमोर उभी आहे.

मी लाल पेन खाली ठेवलं.

उत्तम शुक्रवारच्या आधीच्या रविवारी मी कृपाला घेऊन गावी गेलो. ती आजीजवळ बसली आणि मी खळ्यावर एस्तेरला गाठलं. ती वाळलेल्या हळकुंडांतले जाड गड्डे वेगळे करत होती.

"तू तिला काय सांगितलंयस?"

"जे झालं त्ये. मामा संगं हुता, मामानं घरी आणलं. खोटं हाय व्हय?"

"अर्धं आहे."

"लेकराला अर्धंच झेपतंय दादा." तिनं मान वर केली नाही. "अण्णा बोलत न्हवतं. तिचा बाप पळालेला. घरात एक तरी पुरुष असा पायजे हुता का न्हाई, ज्येला ती हवी हुती? मग म्या तुला धरलं. तू जवळ हुतास."

"आता ती मंडळीत सांगणार आहे."

"मग सांगू दे, न्हाईतर तू सांग. मला इचारू नगंस. म्या तुला कवाच माफ केलंय, तुला ती माफी घेता येत न्हाई त्येला म्या काय करू? घरी आलास की चोरावानी बसतोस." मग एक गड्डा टोपलीत टाकत म्हणाली, "पर तिच्या वाटणीची माफी माझ्याकडं न्हाई. ती तिच्याकडं हाय. जा, माग."

मला भीती कसली होती ते सांगतो. मंडळीची नाही, आता मीही पंच आहे, ते पद जाईल याचीही फारशी नाही. या जगात एक माणूस मला जसा मी व्हायला हवा होतो तसा ओळखत होतं. ते माणूस गेलं असतं.

मंगळवारी सांगितलं. माझा उजवा खांदा धरला आहे, कृपा रोज संध्याकाळी तो हलवून देते. माझा हात तिच्या दोन्ही हातांत होता, ती मोजत होती. चारवर मी बोलायला लागलो. दवाखाना, नाव, कागदावरचा तो शब्द, नर्स, सगळं. तिचे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले. तिनं मोठ्यानं मोजलं नाही, पण दहा पूर्ण केले. मग माझा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला, अलगद, पेशंटचा ठेवतात तसा, आणि आत निघून गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गुरुवारी दारात उभी राहिली.

"मी उद्या हे सांगू का?"

"सांग."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"पंच म्हणून ठेवणार नाहीत तुम्हाला."

"नको ठेवू देत."

"मला अजून राग आहे, मामा."

"असू दे," मी म्हणालो.

शुक्रवारी दुपारी देवळात पंखे गरगरत होते आणि ऊन दारापर्यंत आलं होतं. एस्तेर बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होती. साताऱ्याहून आलेल्या पाहुण्या पाळकांनी दुसरा उद्गार संपवला आणि कृपा पुढं गेली. तिच्या हातात कागद नव्हता.

"मला वाटायचं, माझ्या आईला कुणीतरी घरी आणलं," ती म्हणाली. "तसं झालं नाही. माझी आई स्वतः चालत घरी आली. माझा मामा सॅम्युएल तिच्या मागून चालत होता. तो तिला मला नाहीसं करायला घेऊन गेला होता. हे मला त्यानंच सांगितलं, याच आठवड्यात."

मी उभा राहिलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. चोवीस वर्षं उशीर झाला होता, पण पाय आपोआप उभे राहिले. मागं कुजबुज झाली, मग थांबली. कृपानं माझ्याकडं बघितलं आणि तशीच पुढं बोलत राहिली.

"प्रभूनं आपली आई ज्या शिष्याच्या हाती दिली, तोही आदल्या रात्री बाकीच्यांबरोबर पळाला होता. प्रभूला ते ठाऊक होतं. न पळालेला माणूस शोधायला त्याला वेळ नव्हता. परत येऊन जो समोर उभा राहिला, त्याच्या हाती त्यानं आईला दिलं." ती थांबली. मग बायकांच्या बाजूला वळली. "पण आज मला त्या आईबद्दल बोलायचंय. ती कुठंच पळाली नव्हती."

आणि ती बोलली. एस्तेरचं नाव आमच्या देवळात त्या झावळ्यांच्या रविवारनंतर वेदीजवळून पहिल्यांदाच घेतलं गेलं, आणि या वेळी ते असं घेतलं गेलं की म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावून तिच्याकडं वळल्या. माझी बहीण ताठ बसली होती. मी शेवटपर्यंत उभाच होतो. शरम होती, खूप होती. पण खोटं सांगणार नाही, त्या शरमेपेक्षा अभिमान मोठा होता. एक माझी बहीण आणि एक माझी भाची. मी त्यांच्या घरातला.

उपासना सुटल्यावर अंगणात सगळे घुटमळत होते. माझ्याशी बोलावं की नाही हे कुणाला उमगत नव्हतं. पाहुणे पाळक वयस्कर, त्यांना दिसायचं कमी. ते कृपाजवळ आले आणि म्हणाले, "मुली, फार धीरानं बोललीस. ते मामा आज आले होते का?"

आजूबाजूची माणसं जमिनीकडं बघायला लागली.

"हे काय," कृपा म्हणाली आणि मला पुढं केलं. "हे माझे मामा."

"आन माझा भाऊ," मागून एस्तेर म्हणाली. "येरवी लय बोलतो. आज जरा गप हाय."